हस्तप्रत

"मशीन एकच हवंय, पण बसणारे आम्ही दोघं," मृणाल सासनेनं सांगितलं. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक इरफान मुजावर यानं काउंटरवरचा कागद पुढं ओढला, मधोमध एक उभी रेघ मारली आणि म्हणाला, "एका बाजूला तुमचं काम सांगा वहिनी, दुसऱ्या बाजूला साहेबांचं. मग बघू जमतंय का."

मृणाल शिरोलीच्या दोन फौंड्र्यांसाठी पंपांच्या भागांची डिझाइनं करायची. पंपातल्या फिरत्या चाकाचं एक पातं अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तर ओतून झालेले सगळे नग भंगारात जायचे. एकेका चित्रात लाखभर पृष्ठभाग असायचे, आणि पाणी त्यांतून कसं वळेल याचं गणित तिचं जुनं मशीन तासन्‌तास करत बसायचं. तिचा नवरा धैर्यशील बावीस वर्षं माळवाडीच्या धावपट्टीवरच्या उड्डाणशाळेत प्रशिक्षक होता. गेले पाच आठवडे तो घरी बसून होता. त्याला विमानाचा सिम्युलेटर चालवायचा होता, तोही करमणुकीसाठी नाही, हात राखण्यासाठी.

"दोन्हींत भांडण आहे," इरफान म्हणाला. "वहिनींना पुष्कळ कोअर, म्हणजे गणित करणारे मेंदू पाहिजेत, एकेक सावकाश चालला तरी चालेल. मेमरी मात्र भरपूर. साहेबांना मोजके कोअर चालतील, पण ते पळणारे पाहिजेत. विमान वळलं की समोरच्या तीन स्क्रीनवरचं आभाळ त्याच क्षणी वळलं पाहिजे. जरा मागं राहिलं की माणसाच्या पोटात ढवळतं. आजवर असं गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, दोन मशीन घ्या, नाहीतर दोघांनी थोडं थोडं सोसा."

"कामाची खोली एकच आहे आमच्याकडं," मृणाल म्हणाली.

"मग हे बघा." त्यानं आतून एक काळा डबा आणून ठेवला. सोबत घड्याळाच्या पट्ट्यासारखे दोन पट्टे होते.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. माणसानं हात हलवायचं ठरवलं की हात हलायच्या आधी स्नायूंत बारीकशी विजेची लहर उमटते. पट्टा ती मनगटावरून वाचतो, आणि स्क्रीनवरचा कॅमेरा नजर कुठं निघालीय ते वाचतो. या दोन्हींवरून हात पुढं काय करणार हे मशीनला पाव सेकंदाच्या आतबाहेर आधीच कळतं, आणि हात पोचायच्या आत ते चित्र तयार ठेवतं. सगळं जग रंगवत बसायची गरज नाही, नजर जिथं जाणार तेवढंच रंगवायचं. त्यामुळं एकाच डब्यात दोन्ही कामं बसतात. फक्त प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून मशीन तीन महिने त्या हाताचा अभ्यास करून त्याची एक नक्कल बनवतं. कंपनीनं तिला नाव दिलं होतं हस्तप्रत.

"दोघांच्या दोन हस्तप्रती. बसताना आपापली निवडायची, बास," इरफान म्हणाला.

धैर्यशील डबा उलटसुलट करून बघत होता. त्यानं एकच विचारलं, "माझी प्रत दुसरीकडं नेता येते?"

"कार्डावर उतरवून नेता येते, साहेब. नव्या शिकाऊ विमानांतसुद्धा हीच चिप बसवायला लागलेत. परीक्षेच्या सिम्युलेटरमध्ये पण आहे."

मशीनची नोंदणी मृणालच्या व्यवसायाच्या नावानं झाली. धैर्यशीलनं डबा स्वतः उचलून गाडीत ठेवला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तो शीळ घालत होता.

पाच आठवड्यांपूर्वी शाल्मली कोठावळे नावाची त्याची विद्यार्थिनी विमान उतरवत असताना विमान धावपट्टीवर आपटलं होतं. डावं चाक मोडलं आणि शाल्मलीचा घोटाही मोडला. चौकशीत ती म्हणाली, "सर म्हणाले, विमान माझ्या हातात. मी दांडा सोडला. मग काहीच झालं नाही. विमान तसंच खाली गेलं." धैर्यशीलनं जबाब दिला की त्यानं वेळेवर दांडा ओढला होता, पण घाबरलेल्या मुलीनं तो धरून ठेवला होता. बावीस वर्षं शिकवणाऱ्या प्रशिक्षकापुढं चोवीस वर्षांच्या मुलीचं कोण ऐकणार? तिचं नाव शाळेतून कमी झालं. धैर्यशीलला नियमाप्रमाणे सहा महिने जमिनीवर बसून मग कौशल्य परीक्षा द्यायची होती.

मृणालनं नवऱ्याचा शब्द खरा मानला. न मानायचं काही कारणच नव्हतं.

नंतरचे साडेचार महिने घर सुखात होतं. सकाळी आठ ते चार खोली मृणालची, चारनंतर धैर्यशीलची. तिला वाटायचं की पेन्सिलीला मन फुटलंय. पात्याची वक्र रेघ तिनं नुसती योजली की स्क्रीनवर उमटायची, आणि तिच्या हाताला फक्त होकार द्यायचं काम उरायचं. चार दिवसांची चित्रं दीड दिवसात व्हायला लागली. संध्याकाळी ती चहा घेऊन दाराशी उभी राहायची. तिन्ही स्क्रीनवर माळवाडीचं माळरान पसरलेलं असायचं, आडवा वारा विमानाला ढकलत असायचा, आणि धैर्यशील ते पिसासारखं खाली टेकवायचा.

"बघितलंस? हात तोच आहे," तो म्हणायचा.

"मग परीक्षेची काळजी कशाला करताय?" ती म्हणायची.

ते समजलं एका मंगळवारी सकाळी. घाईत आपली हस्तप्रत निवडायला ती विसरली, आणि आदल्या संध्याकाळची धैर्यशीलची प्रत चालूच राहिली. तिनं पात्याची कड काढायला घेतली तर रेघ तिच्या हाताच्या पुढं पळाली. तिनं थांबायचं ठरवलं तोवर रेघ वळण घेऊन बाहेर गेली होती. दुसऱ्यांदा तेच झालं. कुणी आपलं मनगट धरून ओढतंय असं वाटून तिनं पट्टा काढून टाकला. मग चूक लक्षात आली. ती स्वतःशीच हसली आणि कुतूहल म्हणून दोन्ही प्रतींची माहिती उघडून बसली.

तिथं 'आघाडी' म्हणून एक आकडा होता, मशीन त्या माणसाच्या हातापुढं किती धावतं त्याचा. मृणालची आघाडी एकशेचाळीस मिलिसेकंद. धैर्यशीलची तीनशे सत्तर.

तिनं इरफानला फोन लावला. नाव न घेता विचारलं, "आघाडी जास्त असली तर चांगलं का वाईट?"

"चांगलं-वाईट नसतं त्यात, वहिनी. हाताला जेवढा उशीर, तेवढं मशीन भरून काढतं. साधारण माणसाला शंभर ते एकशेऐंशी लागतात."

"आणि तीनशे सत्तर?"

इरफाननं आकडा पुन्हा विचारून घेतला. "तेवढं असेल तर मनातला हुकूम हाताला पोचतच नाहीये धड. मशीन नुसता हुकूम वाचून काम उरकतंय. डॉक्टरला दाखवायला पाहिजे." मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "साहेबांचं आहे का?"

तिनं फोन ठेवला. पहिल्या आठवड्यातली नोंद काढून बघितली. तेव्हा आकडा दोनशे नव्वद होता, म्हणजे विमान आपटल्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी. तिनं दोन्ही आकडे कामाच्या वहीत लिहून घेतले. मुलीनं दांडा धरून ठेवला नसेल. मुलीनं तो सोडला असेल, आणि ज्यानं धरायचा त्याचा हात आलाच नसेल.

त्या दिवशी चारच्या आधी तिनं त्याच्या प्रतीतली आघाडी बंद करून ठेवली. आपण हे करतोय याची तिला लाज वाटली, तरी केलं.

धैर्यशीलनं माळवाडीला विमान उतरवायला घेतलं. जमीन वर आली, त्याचा हात दांड्यावर होता, आणि विमान तसंच जमिनीवर आदळलं. स्क्रीन लाल झाली. त्यानं पुन्हा घेतलं आणि पुन्हा आदळलं. तिसऱ्या वेळी त्यानं उतरायचा प्रयत्नच केला नाही, अर्ध्या वाटेवर खेळ थांबवला आणि मागं न बघता म्हणाला, "आघाडी बंद केलीस ना तू?"

मृणालला आरडाओरडा अपेक्षित होता. हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"विमान आपटलं तेव्हापासून." तो खुर्ची वळवून बसला. "मी ओढलं होतं गं. मनातून पुरतं ओढलं होतं. मला खरंच वाटलं हात गेला. चाक मोडल्यावर खाली बघितलं तर हात मांडीजवळ होता."

"मग जबाबात असं का लिहिलंत?"

"मला जे वाटलं ते लिहिलं."

"तिनं दांडा धरून ठेवला, असं लिहिलंत तुम्ही."

त्यानं कपाळ चोळलं. "आता ऐक. नव्या विमानांत ही चिप आहे. परीक्षेला आहे. चष्मा लावून विमान चालवता येतं, मग याच्या आधारानं का नको? माझी प्रत कार्डावर घेऊन गेलो तर मी शाळेतल्या कुणापेक्षाही चांगला उतरवतो. तू रोज बघतेस."

त्याचं म्हणणं साफ खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. "आणि चिप बिघडली तर?" तिनं विचारलं. "शेजारी परत कुणाची तरी मुलगी बसलेली असली तर?"

"बिघडणार नाही."

"त्या शाल्मलीचं काय?"

"तिला दुसरी शाळा मिळेल. तरुण आहे. मला दुसरं काही मिळणार नाही, मृणाल." तो उठून उभा राहिला. "नऊ दिवसांवर परीक्षा आहे. परवा इरफानकडून कार्ड आणतो. हे तू माझ्यासाठी एवढंच कर. गप्प राहा."

दुसऱ्या दिवशी फौंड्रीत काम आहे असं सांगून मृणाल तासगावला गेली. शाल्मली द्राक्षबागांवर औषध फवारणारी ड्रोन उडवायचं काम करत होती. बांधावर उभी राहून डोळ्यांवर हात धरून ती वर बघत होती. मृणालनं ओळख सांगितल्यावर तिनं ड्रोन खाली घेतलं, काळजीपूर्वक पंखे थांबवले आणि मगच बोलायला आली. चालताना ती किंचित लंगडत होती.

मृणालनं वही उघडून आकडे दाखवले आणि त्यांचा अर्थ सांगितला. "मी साक्ष देते," ती म्हणाली. "मशीन माझ्या नावावर आहे. सगळी नोंद देते."

शाल्मलीनं दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे मला भास झाला नव्हता," ती म्हणाली. मग तिनं वही मिटून परत दिली. "पण काकू, मी नंतर लिहून दिलंय की चूक माझी होती. तसं दिलं तर दोन वर्षांनी दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवून देऊ, असं शाळेतले म्हणाले. घरच्यांनी सह्या करायला लावल्या. आता उलटं बोलले तर मी खोटारडी ठरते. मग कायमचंच संपलं."

"म्हणून ते असंच राहू द्यायचं?"

"मला काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही." तिनं बागेकडं बघितलं. "एक मात्र करा. सरांना कुणाच्या शेजारी बसू देऊ नका. मी त्यांना वाईट म्हणत नाही. चांगलं शिकवायचे. पण बसू देऊ नका."

परतीच्या बसमध्ये मृणाल ते एकच वाक्य घोळवत राहिली. वैमानिकांच्या परवाना खात्याला कळवावं, तर चौकशी सुरू होईपर्यंत परीक्षा होऊन जाईल. इरफानला कार्ड देऊ नको म्हणावं, तर कार्ड कुठल्याही दुकानात मिळतं. प्रतीला कुलूप घालावं, तर ते धैर्यशीलच्याच हातानं उघडतं. मालक म्हणून तिच्या हातात एकच गोष्ट होती. हस्तप्रत पुसली तर नवी बनायला तीन महिने लागले असते.

घरी आली तेव्हा धैर्यशील कोपऱ्यावर भाजी आणायला गेला होता. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. मशीन सुरू केलं. स्क्रीननं विचारलं, ही हस्तप्रत आणि तिच्या सर्व नोंदी कायमच्या पुसायच्या का? तिनं हो म्हटलं. मशीननं पुन्हा विचारलं. भाजीची पिशवी घेऊन तो फाटकातून आत येताना खिडकीतून दिसत होता. तिनं पुन्हा हो म्हटलं.

संध्याकाळी तो खोलीत मशीन लावायला गेला. थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू मला एकदा सांगायचं तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो कदाचित," तो म्हणाला. "पण निदान विचारलं असतंस." जेवायला तो बसला नाही.

परीक्षेला तो गेलाच नाही. महिन्याभरात डॉक्टरकडं जायला तयार झाला. कोल्हापुरातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी त्याला बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, आणि कंपवाताची सुरुवात असल्याचं सांगितलं. हातांची थरथर अजून नव्हती, नुसता मंदपणा होता. मशीनचं कळल्यावर ते खुर्चीत पुढं सरकले.

"रोजची नोंद आहे तुमच्याकडं? हाताला किती उशीर होतो त्याची? मग आणा ना. औषध किती द्यायचं हे ठरवायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. आजार केव्हापासून, किती वेगानं वाढतोय, सगळं कळेल त्यात."

धैर्यशीलनं मृणालकडं बघितलं. ती म्हणाली, "पुसली गेली." डॉक्टरांनी लिहायला घेतलं.

नंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. चारनंतरही खोली मृणालचीच झाली. धैर्यशील व्हरांड्यात बसून असायचा. विमानाचा आवाज आला तर वर बघायचा नाही.

पावसाळा सरून गेल्यावर एका सकाळी शाल्मलीचा फोन आला. आवाज वेगळाच होता, उत्साही. "काकू, मी अर्ज केला. तुम्ही आला होता त्यानंतर खूप विचार केला आणि केला. परवाना खात्यात नवे अधिकारी आलेत, ते जुनी प्रकरणं परत बघतायत. माझं उघडलंय. सही दबावाखाली घेतली हे त्यांना पटलंय. फक्त सरांच्या हाताच्या उशिराचा पुरावा पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, आहे, नोंद आहे. पुढच्या सोमवारी सादर करायची आहे. तुम्ही पाठवाल ना?"

मृणालनं कामाची वही जवळ ओढली. "वहीतले आकडे आहेत माझ्याकडं," ती म्हणाली.

"वही नाही, काकू. मशीनची मूळ नोंद पाहिजे."

"तुला तासाभरात फोन करते."

आधी तिनं इरफानला विचारलं. पुसलेलं परत आणता येतं का? तो म्हणाला, "शरीराची माहिती असते ती, वहिनी. कायद्यानं अशी पुसतात की कंपनीलासुद्धा परत मिळत नाही. दुसरीकडं उतरवून ठेवली होती का?" तिनं नाही म्हटलं.

मग ती व्हरांड्यात गेली. धैर्यशील खुर्चीत बसला होता. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता तुमचा जबाब तेवढा उरलाय. चार ओळी लिहून द्या. तुम्हाला परत उडायचं नाहीच आहे. गमवायचं काय आहे तुमचं?"

तो ताबडतोब बोलला नाही. पूर्वी पटकन उत्तर द्यायचा, हल्ली शब्दही उशिरा यायचे. "बावीस वर्षं," तो म्हणाला. "माझ्या हाताखालून गेलेली दीडशे पोरं आज विमानं चालवतायत. तेवढंच राहिलंय माझं. ते मी स्वतःच्या सहीनं देऊ?"

"तुमच्यामुळं तिचं सगळं गेलं."

"माझ्यामुळं गेलं, मान्य. पण परत मिळणार होतं ते तू पुसलंस." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुझ्याकडं पुरावा होता मृणाल. ठेवायचा होतास. मला उघडं पाडायचं होतं तर नीट पाडायचं. ते केलं नाहीस, आणि आता माझ्याच हातून मागतेस."

"मी त्या मुलीच्या सांगण्यावरून केलं."

"मग तिलाच सांग."

तिनं सांगितलं. व्हरांड्याच्या पायरीवर बसून फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. पलीकडं ड्रोनच्या पंख्यांचा आवाज येत होता. तो हळूहळू बंद झाला.

"पुसली म्हणजे? सरांसाठी?" शाल्मलीनं विचारलं.

"नाही गं. तू म्हणाली होतीस, त्यांना कुणाच्या शेजारी बसू देऊ नका."

"मी बसू देऊ नका म्हटलं होतं," शाल्मली म्हणाली. ती रडत नव्हती. प्रत्येक शब्द नीट उच्चारत होती. "पुसा असं मी म्हटलं नव्हतं. मी तर म्हटलं होतं, काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही सगळ्यांनीच माझं ठरवलंत, काकू. सरांनी ठरवलं, घरच्यांनी ठरवलं. तुम्हीपण."

"मी सोमवारी येते. जे बघितलं ते शपथेवर सांगते."

"या तुम्ही," ती म्हणाली. "लिहून घेतील." फोन बंद झाला.

सोमवारी सकाळी मृणाल लवकर उठली. वही पिशवीत टाकली. वर्षं, तारखा, आकडे पाठ करून ठेवले होते, तरी पुन्हा एकदा वाचले. नवऱ्याच्या विरुद्ध बायकोनं कागदावर लिहिलेले दोन आकडे. त्यांना कुणी काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं.

आतून धैर्यशीलनं हाक मारली. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं होतं. तो आरशासमोर उभा होता, शर्ट उघडाच. ती कुठं निघालीय ते त्याला माहीत होतं, आणि त्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

"बटणं होत नाहीयेत," तो म्हणाला.

तिनं पिशवी पलंगावर ठेवली. खालून एकेक करून बटणं लावत गेली. तो भिंतीकडं बघत होता. शेवटचं, गळ्याजवळचं बटण लावायला ती जवळ आली तेव्हा त्यानं हनुवटी वर करायला हवी होती. ती थांबली. हनुवटी उशिरा वर आली.